उचल फेडून घेऊन माणसे मोकळी करणारा धर्मोपदेशक

जॉन बेरी मीचम हे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसावे, आणि ज्यांनी ऐकले असेल त्यांना ते बहुधा मिसिसिपी नदीवरील तरंगत्या शाळेमुळे ठाऊक असेल. त्या शाळेचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु मला या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात ते त्याच्या पिंपांच्या कारखान्यासाठी.

मीचम 1789 मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. मालकाने त्यांना आधी नॉर्थ कॅरोलायनात आणि नंतर केंटकीत नेले. मालक थकत चालला, तेव्हा त्यांनी स्वतःची मजुरी स्वतः करण्याची मुभा मागून घेतली आणि बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा जेथे निघत असे, अशा एका गुहेत राबून स्वतःच्या सुटकेची रक्कम उभी केली. मग सातशे मैलांवरील व्हर्जिनियात जाऊन, स्वतः बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक असलेल्या आपल्या वडिलांना त्यांनी शंभर पौंड देऊन सोडवले. पत्नी मेरी अद्याप गुलामच होती. तिचा मालक तिला मिसूरीत घेऊन गेला, तेव्हा 1815 मध्ये खिशात तीन डॉलर घेऊन मीचम तिच्यामागे सेंट लुईसला पोहोचले, आणि सुतारकाम व पिंपे बनवण्याच्या कामावर त्यांनी तिला व मुलांनाही मोकळे केले.

घरची माणसे सुटल्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी आयुष्यभरात सुमारे वीस गुलाम विकत घेतले. लाकडाच्या फळ्या तासायच्या, उष्णता देऊन वाकवायच्या, एकीला एक भिडवून लोखंडी पट्ट्यांनी अशा आवळायच्या की एकही खिळा न मारता थेंब गळू नये, हे कसब त्या माणसांच्या हाती आले. त्यांनी कमाईतून आपली किंमत फेडली आणि ती मोकळी झाली. 1846 मध्ये छापलेल्या आवाहनात मीचम यांनी लिहिले आहे की बहुतेकांनी रकमेचा मोठा भाग परत केला आणि काहींनी सगळीच फेड केली.

माझे वडील सालदार होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपले की मालकाच्या ओट्यावर हिशेब होई, वही उघडली जाई, घेतलेली उचल आणि आजारपणातले खाडे वजा होत, आणि उरलेली बाकी नव्या सालात ओढली जाई. सालदारी म्हणजे गुलामी नव्हे, हे मला पक्के ठाऊक आहे, आणि दोन्हींना एका तागडीत तोलणे हा त्या लाखो गुलामांवर अन्याय होईल. तरीही हिशेबाची वही माणसाला कशी धरून ठेवते हे मी घरात पाहिले आहे, म्हणूनच तीच वही माणूस सोडवण्यासाठी वापरणाऱ्याचे मोठेपण मला चटकन कळते.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकू नये. फेड होईपर्यंत ती माणसे कायद्याने मीचम यांचीच मालमत्ता होती, आणि ज्युडी नावाच्या स्त्रीने व तिच्या मुलाने स्वातंत्र्यासाठी त्यांच्याविरुद्ध न्यायालयात दावेही लावले होते. मला त्यामुळे त्यांचा आदर कमी करावासा वाटत नाही. मात्र त्यांची प्रतिमा देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा त्यांना दाव्यांसकट समजून घेणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

धर्मकार्यही या धंद्याच्या जोडीनेच चालले. जॉन मेसन पेक या मिशनऱ्यांबरोबर काम करून 1825 मध्ये त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि सेंट लुईसमध्ये पहिले आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च उभारले. चर्चच्या तळघरात मुले लिहायला-वाचायला शिकत. 1847 मध्ये मिसूरीने कायदा करून कृष्णवर्णीयांना लिहिणे-वाचणे शिकवणाऱ्या शाळांवर बंदी घातली. शिक्षा होती पाचशे डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तेव्हा मीचम यांनी एक वाफेची बोट सज्ज करून मिसिसिपीच्या मध्यावर नांगरली, कारण नदीवर राज्याची नव्हे तर संघराज्याची सत्ता चाले, आणि मुलांना छोट्या होड्यांतून शाळेत नेले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, 1848 मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण शाळेतच शिकतो. परंतु त्या गुलामांपैकी स्वतःच स्वतःला सोडवणाऱ्यांची नावे आपल्या कानावर क्वचितच पडतात. खानदेशाने तरी ती जाणून घ्यावीत. अमेरिकेतील यादवी युद्धाने गुलामांच्या हातचा कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हाच आमच्या कापसाला तेजी आली होती.

1854 मध्ये चर्चमध्ये प्रवचनाच्या जागीच मीचम यांनी देह ठेवला. त्यांच्या शाळेत शिकलेले, गुलाम म्हणून जन्मलेले जेम्स मिल्टन टर्नर पुढे 1871 मध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून लायबेरियाला गेले आणि मिसूरीतील कृष्णवर्णीयांच्या शाळांसाठीही झटले. मेरी मीचम यांनी तर पतीच्या पश्चात, 1855 च्या मे महिन्यात, गुलामांच्या एका गटाला रात्री नदीपार करून इलिनॉयच्या मुक्त भूमीवर पोहोचवण्याच्या प्रयत्नात भाग घेतला. पलीकडच्या काठावर पाठलाग करणाऱ्यांनी गट गाठला, काहींना पकडले आणि मेरी यांच्यावर खटला भरला गेला. ज्या घाटावरून हा गट नदीपार निघाला, त्याला आज मेरी यांचेच नाव आहे. गावातील अभ्यासिकेत आम्ही यंदा मीचम यांच्या नावाचे एक कपाट करणार आहोत, आणि त्यावर मेरी यांचे नावही तितक्याच मोठ्या अक्षरांत असावे असा माझा आग्रह आहे.