सात दात्यांकडे परत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा आमच्या वाडीतील आंबे आणि फणस मुळांसकट आडवे झाले आणि ५८ सीसीचा पेट्रोल कटर (चेनने लाकूड कापणारी करवत) पुढचे कित्येक आठवडे माझ्या हातातून सुटला नाही. जाड खोडांत तो फारच सावकाश उतरतो असे वाटल्याने मी त्याचा वेग वाढवण्याच्या नादी लागलो.

पहिली नजर अर्थातच स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकावर गेली. सात दात्यांचे स्प्रॉकेट ०.३२५ इंच पिचची (सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराच्या निम्मे; एका दात्यामागे चेन दोन पिच सरकते) चेन एका फेऱ्यात सुमारे ११५.६ मिलिमीटर ओढते; मिनिटाला ९,००० फेरे धरले तर चेनचा वेग सेकंदाला १७.३ मीटर भरतो आणि आठ दात्यांवर तोच १९.८ मीटर होतो. कागदावर ही वाढ फुकटात पदरी पडल्यासारखी दिसते. मी प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी सारून पिस्टन अडवला, उलट्या आट्यांचा क्लच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडवला, आठ दात्यांचा ड्रम (स्प्रॉकेट जोडलेली क्लचची वाटी) चढवला आणि चेन बसावी म्हणून बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, सुमारे चार मिलिमीटर मागे घेतला.

मनगटाएवढ्या फांद्यांवर फरक लगेच जाणवला. फणसाच्या बुंध्यात मात्र बार पुरता बुडाला की इंजिनचा आवाज खाली बसू लागला, क्लच घसरू लागला आणि तापल्याचा वास आला. एक दाता वाढला की चेनला मिळणारी ओढ एक-अष्टमांशाने घटते, आणि फेरेच पडले तर कमावलेला वेगही जातो. हे गणित मी आधीच मांडायला हवे होते.

खरा दोष चेनमध्ये होता. भुसा पिठासारखा पडत होता, म्हणजे धार गेलेली होती. त्यात चेनच्या प्रत्येक कापणाऱ्या दात्याची पाठ मागे उतरती असल्याने तो घासला की बुटका होत जातो, पण त्याच्या पुढचा रेकर (दाता किती खोल कापेल हे ठरवणारा उंचवटा) मात्र तेवढाच उंच राहतो आणि धारेला लाकूड लागूच देत नाही. मी ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने, ३० अंशांचा कोन राखून, सगळे दाते एकाच लांबीचे केले. मग रेकरवर चपटी कानस दोन-तीनदा फिरवून तो धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली आणला आणि त्याचा पुढचा कोपरा गोल केला. पोह्यांएवढ्या ढलप्या पडू लागल्या. रेकर आणखी उतरवण्याचा मोह होतो, पण मग चेन लाकडाला हिसके देते आणि बारचे टोक कुठे टेकले तर कटर थेट तोंडाकडे उसळण्याचा धोका वाढतो.

चौकोनी कोपऱ्याची वेगवान चेनही आणून पाहिली. वाळू-चिखल माखलेल्या ओंडक्यांवर ती दुपारच्या जेवणापर्यंतही टिकली नाही. आता साधी गोलसर कोपऱ्याची चेन आणि सात दात्यांचाच ड्रम आहे, मात्र नवा, कारण जुन्याच्या दात्यांवर अर्धा मिलिमीटर खोल चर पडले होते आणि असे झिजलेले स्प्रॉकेट नव्या चेनचीही वाट लावते.