तुम्ही विचारलंत म्हणून : रोज रोज एवढं काय सांगता एकमेकींना?

हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला आहे, ऑफिसात शेजारी बसणाऱ्यांनी विचारला आहे, आणि परवा माझ्या भाचीनेही विचारला. तिच्या प्रश्नाला पुढे एक शेपूट होतं. "आणि मावशी, त्यातल्या दोघींना तर तू अजून पाहिलेलंही नाहीस!"

खरं आहे. आम्ही सातजणी. सात वेगवेगळ्या गावांत राहतो. ओळख झाली ती लिहिण्यातून, आणि आता तिला अकरा वर्षं झाली. जिला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तिने फोनवर चार ओळी लिहायच्या, बाकीच्यांनी जमेल तेव्हा वाचायच्या. एवढंच करतो आम्ही. भाचीला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. "अगं, असंच काहीतरी," म्हणाले आणि विषय बदलला. नंतर ते माझं मलाच आवडलं नाही. "असंच काहीतरी" म्हणून उडवून लावण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून आज नीट सांगते.

काय सांगतो? चष्म्याची काडी मोडली. मुलगा तीन दिवसांनी आज धड बोलला. रात्री दोनला जाग आली ती आलीच. मरणार म्हणून सोडून दिलेल्या रोपाला कोंब फुटला. गुडघा आज जिन्यावर कुरकुरला नाही. आमच्यातल्या सर्वांत धाकटीच्या आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. आई आज तिला नावाने हाक मारून गेली, किंवा आईने आज पुन्हा कपाटाची किल्ली कुठेतरी लपवली, हे ती सांगते. कधी नुसतंच "आज नको वाटतंय सगळं" एवढं एक वाक्य येतं. वाचणाऱ्याला यात काही सापडणार नाही, मला कबूल आहे. पण आम्हाला मागचं माहीत असतं. गुडघा कधीपासून दुखतोय, मुलगा का बोलत नव्हता, ते रोप कुणी दिलं होतं, सगळं.

याची किंमत मला कळली ती एका गळक्या नळामुळे.

सहा वर्षांपूर्वी बाबा अचानक आजारी पडले आणि एकोणीस दिवस हॉस्पिटलात होते. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी मैत्रिणींना माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचं गाऱ्हाणं सांगितलं होतं. कितीही घट्ट बंद केला तरी थेंब थेंब गळायचा, आणि रात्रीच्या शांततेत तो टप टप आवाज डोक्यात जायचा. मग बाबांचं झालं आणि माझं लिहिणं थांबलं. लिहिलं तरी फक्त बातमी: आज ताप आहे, आज उतरला, उद्या आणखी एक तपासणी. नळासारखं काही लिहायची लाज वाटायला लागली. एवढं मोठं संकट समोर असताना बाईला नळाचं पडलंय, असं मीच मला म्हणत होते.

बाराव्या रात्री दीडच्या सुमाराला मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. फोन थरथरला. आमच्यातल्या थोरलीने विचारलं होतं, "नळ गळायचा थांबला का गं?"

मी रडले. बारा दिवसांत पहिल्यांदा. त्या दिवसांत मला भेटणारा, फोन करणारा प्रत्येक माणूस बाबांबद्दल विचारत होता आणि ते बरोबरच होतं. पण मला एक घर आहे, तिथे नळाखाली बादली ठेवलेली आहे, ती रोज उपसायला शेजारीण जाते, आणि दिवसभरात तीनदा तरी माझ्या मनात ती बादली भरून वाहत असते, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. हिला ठाऊक होतं, आणि तिने ते लक्षात ठेवलं होतं. मी तिला अर्धा तास लिहीत बसले. ती म्हणाली, शेजारणीला सांग, बेसिनखालचा अँगल कॉक बंद कर म्हणावं, आवाजही थांबेल आणि बादलीही लागणार नाही. आतला वॉशर झिजला असणार, तो बदलायला तू आल्यावर दहा मिनिटं लागतील. दुसऱ्या दिवशी शेजारणीने कॉक बंद केला. मी त्या रात्री बाकावरच तीन तास झोपले.

बाबा घरी आले, वजन निम्म्यावर आल्यासारखे दिसत होते, पण आले. पुढे मी या विषयावर हाती लागेल ते वाचत गेले, कारण मला कळून घ्यायचं होतं की त्या एका प्रश्नाने मला एवढं हलकं का वाटलं.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या मोठ्या उलथापालथींची एक यादी केली. तिच्यात 43 घटना आहेत. जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, घटस्फोटाला 73, लग्नालाही 50, घर बदलण्याला 20. गुणांची बेरीज जितकी जास्त तितका मनावरचा आणि शरीरावरचा ताण जास्त, असा हिशेब. मोठ्या घटनाच माणसाला मोडतात, ही आपलीही समजूत असते. पण 1981 साली रिचर्ड लॅझरस आणि ॲलन कॅनर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. रोजच्या कटकटींचं काय? त्यांनी 117 कटकटींची एक यादी केली आणि मन उभारी धरेल अशा 135 गोष्टींची दुसरी. मध्यमवयीन शंभर माणसांकडून काही महिने त्या भरून घेतल्या. निघालं असं की कुणाचं मन किती त्रासलेलं आहे याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरून जास्त चांगला बांधता येतो. वस्तू हरवणं, घराची डागडुजी, हातात वेळेपेक्षा जास्त कामं. माझा नळ त्या यादीत होता म्हणायचा! आणि उभारी देणाऱ्या गोष्टींत अगदी वरच्या क्रमांकांवर होतं मित्रमैत्रिणींशी चांगलं जमणं.

हे वाचल्यावर माझी लाज गेली. मोठं संकट आलं म्हणून बारकी संकटं रांगेत मागे उभी राहत नाहीत. ती त्याच्याच अंगावरून, त्याच्याच पायातून वाट काढत येतात. आणि मोठ्याला विचारणारे खूप असतात. बारक्याला विचारायला माणूस आधीपासून जवळ असावा लागतो, त्याला काल-परवाचं माहीत असावं लागतं. आज एकदम कुणाला गाठून "माझा नळ गळतोय" असं सांगून काही होत नाही. रोज सांगत आलो असलो तरच त्या एका वाक्याला अर्थ येतो. म्हणून रोज.

लोकांना वाटतं की आम्ही रडगाणीच गातो. तसं नाही, आणि खरं सांगायचं तर दुःख सांगणं त्या मानाने सोपं आहे. आनंद सांगणं अवघड. आमच्यातल्या एकीची नोकरी गेली होती त्याच आठवड्यात दुसरीला बढती मिळाली. तिने ते आमच्यापासून जवळजवळ महिनाभर लपवलं. शेवटी जिची नोकरी गेली होती तिलाच ते बाहेरून कळलं, आणि तिला वाईट कशाचं वाटलं असेल तर लपवल्याचं. "माझ्यासमोर हसायलाही आता तुम्ही घाबरणार का?" असं तिने विचारलं. त्यानंतर आम्ही ठरवलं की एकीच्या घरी अंधार आहे म्हणून दुसरीने दिवा झाकायचा नाही. तिलाही त्या उजेडाची गरज असते.

या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती मला अजून टोचते. एकीने कित्येक वर्षांच्या धडपडीनंतर स्वतःचं घर घेतलं. किल्ली हातात पडली त्याच क्षणी तिने आम्हाला लिहिलं. मी पहिलं उत्तर दिलं, "वा, छान! आता हप्त्यांची जबाबदारी आली हं, सांभाळून." मला काळजीच होती, मनापासून होती. ती दोन दिवस काही बोलली नाही. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली अगदी याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. आनंदाची गोष्ट दुसऱ्याला सांगितली की त्या गोष्टीने जेवढं बरं वाटलेलं असतं त्याहून जास्त बरं वाटतं. पण ऐकणारा कसं ऐकतो यावर फार काही अवलंबून असतं. उत्साहाने पुढचं विचारणारा एक, "छान" म्हणून थांबणारा दुसरा, लगेच त्यातली खोट दाखवणारा तिसरा आणि आपलाच विषय काढणारा चौथा. यांतला पहिलाच उपयोगी पडतो. मी तिसरी होते.

तिसऱ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली आणि विचारलं, "दार उघडून आत गेलीस तेव्हा पहिल्यांदा कुठल्या खोलीत गेलीस?" तिचं उत्तर मोठं आलं. रिकाम्या घरात ती खिडकीखाली जमिनीवर एक तास बसून राहिली होती, एकटी. हे ती पहिल्याच दिवशी सांगणार होती. मी मध्येच हप्ते आणले.

एका वर्षी आम्ही उलट्या दिशेनेही चुकलो. एकीचा साहेब तिला फार छळत होता. ती रोज सांगायची आणि आम्ही सहाजणी रोज चिडायचो. तो आज काय बोलला, काल काय बोलला होता, उद्या काय बोलेल. तीन महिने. आम्हाला वाटत होतं की आम्ही तिच्या पाठीशी उभ्या आहोत. ती मात्र दिवसेंदिवस खचत होती, कारण ऑफिस सुटल्यावरही आम्ही तिला पुन्हा ऑफिसातच नेऊन बसवत होतो. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2002 साली शाळकरी मुलामुलींवर केलेला अभ्यास मी त्यानंतर वाचला. एकच दुःख मैत्रीत पुन्हा पुन्हा चघळत राहणाऱ्या मुलांची मैत्री जास्त घट्ट असते, आणि त्याच मुलांत उदासी आणि चिंताही जास्त आढळते, असं त्यात दिसलं होतं. दोन्ही एकदम! आमचं तेच झालं होतं. आमच्या थोरलीने एका संध्याकाळी तिला लिहिलं, "आज साहेब सोडून काय काय झालं?" बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "बसमध्ये खिडकी मिळाली." तिथून ती हळूहळू बाहेर आली. नोकरी तिने पाच महिन्यांनी बदलली, तेही स्वतःच्या हिशेबाने, आमच्या सल्ल्याने नव्हे.

सल्ल्यावरून आठवलं. आता कुणी काही सांगितलं की आम्ही आधी विचारतो, "उपाय हवाय की नुसतं ऐकू?" बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं. आणि दुसऱ्याचं गुपित त्याला विचारल्याशिवाय आणायचं नाही, मग तो नवरा असो की मुलगा.

आता भाचीच्या शेपटाकडे येते. न पाहिलेल्या माणसाशी मैत्री कशी? जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने 2018 साली हिशेब मांडला होता, की ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण पन्नास तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त. त्याचे तास एकमेकांसोबत प्रत्यक्ष घालवलेले, आमचे पाच-पाच मिनिटांचे. पण अकरा वर्षांत ते किती झाले असतील याचा विचार करा. सहा वर्षं नुसतं लिहून झाल्यावर आमच्यातली एक पहिल्यांदा मला भेटायला आली. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ते मी कधीतरी एका ओळीत लिहून गेले होते आणि माझ्या लक्षातही नव्हतं. ती खोलीत आली, मी बसले होते तिथे बघितलं, आणि न विचारता वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. चाळीस वर्षं ओळखणारी माणसं अजून माझ्या डाव्या बाजूने बोलतात.

नेहमी असंच छान असतं असं नाही. कुणीतरी महिनोन्महिने गप्प होते. एकदा दोघींचं जोरात भांडण झालं आणि मधल्या आम्ही पाचजणी अवघडून गेलो. एकीच्या मनात मी काही लिहिल्यावर कायमची अढी बसली असावी असं मला वाटतं, ती मला तुटक उत्तरं देते. मी तरीही तिच्या पाठदुखीचं विचारत असते. कधीतरी ती पूर्ण वाक्यात सांगेल.

भाचीला हे सगळं सांगायचं आहे. पण ते उद्या, कारण आज आमच्या धाकटीच्या आईची तपासणी होती. सकाळी ती आईला घेऊन निघाली तेव्हा तिने लिहिलं होतं, त्यानंतर काही नाही. डॉक्टर काय म्हणाले हे बाकीच्या पाचजणींनी विचारून झालं आहे, ती थकली असणार, सांगेल सावकाश. आईने लपवलेली कपाटाची किल्ली मात्र सोमवारपासून सापडत नव्हती आणि आईच्या सगळ्या उबदार साड्या त्याच कपाटात आहेत. ती सापडली का, तेवढं मी तिला आत्ता विचारते.