पर्ल कुसकुस सांगलीच्या स्वयंपाकघरात कसं रुळलं: माझा अनुभव

पर्ल कुसकुसचं पाकीट भावाने पुण्याहून आणलं आणि दिसायला अगदी साबुदाणा, त्यामुळे आईने ते सरळ उपवासाच्या डब्यांशेजारी ठेवलं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, हा गहू आहे, उपवासाला चालत नाही आणि ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांनी तर हातच लावू नका.

मग मी जरा माहिती काढली. हा खरं तर पास्त्याचाच प्रकार. १९५३ च्या सुमारास इस्राएलमध्ये तांदळाची टंचाई होती आणि बाहेरून आलेल्या कितीतरी लोकांना भाताची सवय, तेव्हा पंतप्रधान बेन गुरियन यांनी ओसेम कंपनीला गव्हापासून भाताला पर्याय काढायला सांगितला. आधी तांदळाच्या आकाराचे दाणे निघाले, गोल मागाहून आले. पीठ साच्यातून काढून कापतात आणि भट्टीत भाजतात, ती खमंग चव त्या भाजण्याची.

बाबांना शुगर आहे त्यामुळे आकडे नीट बघितले. कोरड्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी, प्रोटीन १२ ग्रॅमच्या आसपास. साबुदाण्यात कॅलरी जवळपास तेवढ्याच पण प्रोटीन १ ग्रॅमसुद्धा नाही, म्हणजे त्या मानाने हे बरंच बरं. पण कार्ब ७० ग्रॅमच्या वर आहेत आणि नेहमीच्या पाकिटातलं पीठ कोंडा काढलेलं असतं, त्यामुळे आपल्या खपली गव्हाशी बरोबरी करू नका, होल व्हीट मिळालं तर तेच घ्या. आमच्याकडे आता कुसकुस थोडं आणि मटकी नाहीतर हरभरे त्याच्या दुप्पट असं असतं, गव्हात लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं ते कडधान्यातून मिळतं आणि बाबांचं पोटही भरतं.

शिजवायचं असं. चमचाभर तेलात मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत परतायचं, एका वाटीला सव्वा ते दीड वाटी उकळतं पाणी, मीठ, झाकण, दहा-बारा मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवायचं. परतणं सोडू नका, दाणा मोकळा राहतो तो त्यानेच.

मोहरी, कढीपत्ता, कांदा, आपली सांगलीची हळद, मटार-गाजर घालून उपम्यासारखं तर होतंच, पण मला मनापासून आवडलं ते हरभरे, भरपूर परतलेला कांदा, दालचिनी आणि तासगावचे बेदाणे घालून केलेलं, लेबनॉनमध्ये असेच मोठे दाणे हरभरे-कांद्याबरोबर करतात, मोगराबिये म्हणतात त्याला. उन्हाळ्यात काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू घालून गारच खायचं, डब्यालाही मस्त.

आईने मात्र खीर केली! हुग्गीची, म्हणजे खपली गव्हाच्या खिरीची, सर येणार नाही असं तीच म्हणाली, पण खपली भिजवा-कांडायची कटकट नाही आणि अर्ध्या तासाच्या आत होते. दाणे आधी पाण्यात शिजवून मग दूध घाला, गूळ गॅस बंद करून जरा निवल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. आणि दूध थोडं जास्तच ठेवा, गार होईल तसे दाणे ते पीत राहतात.