आमची वाटचाल: बेल्ट आहे, गी कुठाय?

येत्या दसऱ्याला आमच्या जिमला आठ वर्षं होतील. कल्याण पूर्वेला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपवर साडेसहाशे स्क्वेअर फुटांचा हॉल, खाली दिवसभर ग्राइंडर चालू आणि वर आम्ही एकमेकांचे गळे आवळतोय, अशी सुरुवात. मी आणि माझा मावसभाऊ, तो हिशोब बघतो, मी शिकवतो. या धंद्यात कसा पडलो याला काही स्टोरी नाही, नोकरी करताना संध्याकाळी शिकायला जायचो, नोकरी गेली आणि शिकणं तेवढं राहिलं.

आम्ही पहिल्या दिवसापासून नो-गी जिउ-जित्सू शिकवतो. जिउ-जित्सू म्हणजे जमिनीवर धरून, गळा आवळून किंवा सांधा पिरगाळून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ, आणि नो-गी म्हणजे गी, तो जाड सुती ज्युदोसारखा डगला, न घालता, रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पातळ टी-शर्ट) आणि शॉर्ट्सवर. यामागे काही मोठं तत्त्वज्ञान नव्हतं हो. गी तेव्हा साडेचार-पाच हजाराला, एकात भागत नाही, आणि जुलैत आमच्याकडे तो तीन-तीन दिवस वाळत नाही. ओला गी बॅगेत भरून संध्याकाळच्या लोकलमध्ये चढून बघा, लोक आपोआप जागा देतात. तसाच अर्धवट ओला घातला की नायटा, एकाला झाला की आठवड्यात अख्ख्या बॅचला. रॅशगार्डचं बरं, रात्री धुतला सकाळी तयार.

दुसरं कारण म्हणजे पोरं. पहिल्या बॅचला नऊ जण, त्यातले चार भिवंडीकडच्या गावांतले, जत्रेतल्या कुस्त्या मारलेले. एकेरी पट, दुहेरी पट त्यांना मी काय शिकवणार, त्यांच्याकडूनच मी शिकलो. फक्त पाठ टेकली की कुस्ती गेली हे त्यांच्या डोक्यातून काढायला आठ महिने लागले, कारण आमचा निम्मा खेळ पाठीवर पडूनच. कॉलर धरायला सांगितलं असतं तर हसले असते.

मग आला बेल्टचा प्रश्न. आमच्या भागात पालकांना बेल्ट म्हणजे कराटेचा बेल्ट माहिती, सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास, दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची वेगळी फी, सर्टिफिकेट, फोटो. एक वडील आले, सर सहा महिने झाले, हा अजून पांढराच कसा? मी सांगत बसलो की आयबीजेजेएफ या आमच्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमात सोळाच्या आत ब्लू बेल्ट नाही, ब्लूवर किमान दोन वर्षं, पर्पलवर दीड, ब्राऊनवर एक, एकोणीसच्या आत ब्लॅक नाही, आणि हे सगळं किमान, प्रत्यक्षात दहा वर्षं सहज जातात. लहान मुलांना ग्रे, यलो असे वेगळे रंग आहेत पण तेही वाटत सुटायचे नसतात. पुढच्या महिन्यापासून मुलगा आला नाही. भाऊ म्हणाला घे ना परीक्षा, पाचशे-पाचशे लावले तरी अर्धं भाडं निघेल. चुकीचं बोलत नव्हता तो, तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. पण दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बेल्टचे पैसे आम्ही आजही घेत नाही.

लॉकडाऊनबद्दल लिहीत नाही, सगळ्यांचं तेच झालं, आमचे मॅट मात्र उंदरांनी खाल्ले.

आता माझी स्वतःची गोष्ट. मला पर्पल बेल्ट मिळाला तो माझ्या कोचकडून, नो-गीमध्ये. गी मी आयुष्यात वीसेक वेळा घातला असेल. तेवढ्या भांडवलावर एकदा दुसऱ्या शहरातल्या एका जिममध्ये ओपन मॅटला, म्हणजे बाहेरच्यांनाही खुल्या असलेल्या सरावाला गेलो, गी उसना घेतला आणि वर आपला जांभळा पट्टा ऐटीत बांधला. दीड वर्ष शिकलेल्या एका व्हाइट बेल्टने माझ्याच कॉलरने मला असा आवळला की चार मिनिटांत टॅप, म्हणजे हात आपटून हार. वर कोणीतरी हसत म्हणालं, रॅशगार्डवरचा पर्पल काय? परत येताना गाडीत तो पट्टा बॅगेच्या तळाशी होता आणि नंतर महिनाभर मी तो बाहेर काढला नाही. राग माझ्यावर होता की त्या माणसावर ते अजून कळलेलं नाही.

पण नंतर डोकं शांत झाल्यावर विचार केला. हील हुक घ्या, टाच पिरगाळून गुडघ्याची वाट लावणारा डाव. आयबीजेजेएफच्या गी स्पर्धेत तो कुठल्याच बेल्टला चालत नाही, नो-गीमध्ये २०२१ पासून फक्त ब्राऊन आणि ब्लॅक अडल्टना चालतो. म्हणजे नुसत्या गीमध्ये वाढलेल्या ब्लॅक बेल्टने हील हुक कधी सोडवलाच नसेल असं होऊ शकतं, आणि त्याच्या बेल्टला कोणी अर्धा म्हणत नाही. मी कॉलरमध्ये अडकलो तर मी अर्धा? आणि त्याच फेडरेशनच्या नो-गी स्पर्धेत रॅशगार्डवर किमान दहा टक्के तुमच्या बेल्टचा रंग लागतो, म्हणजे डगला नसला तरी रंग त्यांनाही हवाच आहे.

नो-गीच्या बेल्टचा विषय निघाला की अमेरिकेतल्या एडी ब्राव्होचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो. २००३ ला साओ पाउलोत एडीसीसीमध्ये, जी स्पर्धाच बिनागीची, त्याने ब्राऊन बेल्ट असताना रॉयलर ग्रेसीला ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांच्या कैचीत मान आवळून पकडला, आणि रॉयलर तोपर्यंत तीन वेळा तिथला चॅम्पियन. परत आल्यावर ब्राव्होला ब्लॅक बेल्ट दिला त्याचा कोच जाँ जॅक मचाडोने, आणि त्याच वर्षी ब्राव्होने टेन्थ प्लॅनेट नावाचं स्वतःचं जिम काढलं, जिथे बेल्ट नो-गीवरच मिळतात. आता मला यातला ब्राव्हो नाही, मचाडो जास्त आवडतो. त्याच्या डाव्या हाताची बोटं जन्मापासूनच पूर्ण नाहीत, त्या हाताने गीची पकड धरणंच शक्य नाही, म्हणून तो बगलेतून हात घालून माणूस धरायला शिकला, आणि १९९९ ला एडीसीसी जिंकला. कापड नीट धरता न येणाऱ्या माणसाचा बेल्ट खरा की खोटा हे त्याला जाऊन कोणी विचारावं, मी विचारणार नाही.

भिवंडीची पोरं म्हणायची, सर बेल्ट पाहिजेच कशाला, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते कुठला पट्टा बांधून? बिनतोड आहे. आणि पट्टा मुळात डगला बांधायलाच असतो, रॅशगार्डवर तो गणपतीला उपरणं नेसवल्यासारखा दिसतो हेही मान्य. पण कुस्तीत दर जत्रेला फड लागतो, कोण किती पाण्यात ते अख्ख्या गावासमोर कळतं. माझ्याकडे अडतीस वर्षांचा बँकेतला माणूस येतो, तो कधी स्पर्धेला उतरणार नाही, त्याने पाच वर्षं काय कमावलं हे त्याला कशावरून कळायचं? तो ब्लू बेल्ट घरात टीव्हीच्या बाजूला लटकवतो, लटकवू दे, रोज रात्री साडेनऊपर्यंत माझ्या वजनाखाली दबून मिळवलाय त्याने.

एक गोष्ट मात्र त्या ओपन मॅटनंतर बदलली. बेल्ट देताना जो कागद देतो त्यावर मी नो-गी असं स्पष्ट लिहितो. माझ्या कोचना हे आवडलं नाही, म्हणाले आपणच आपल्याला कमी का लेखतोस. मला ते कमी लेखणं वाटत नाही, पहिलवान मातीतला की मॅटवरचा हे आपण विचारतोच ना, त्यात अपमान कुठला. आणि ज्यांना एशियन गेम्सची स्वप्नं आहेत, तिथे २०१८ ला जकार्तापासून जू-जित्सू आलंय, ते गीमध्येच खेळतात, तर अशांना मी सरळ सांगतो की गीवाल्या जिममध्ये जा. दोन चांगल्या मुली अशाच गेल्या. भावाने कॅलक्युलेटर काढून दाखवला किती गेले ते.

दोन वर्षांपासून रविवारी सकाळी गीचा क्लासही ठेवलाय, बाहेरून एक ब्राऊन बेल्ट येतो, मी पांढरा पट्टा बांधून मागे उभा राहतो. सुरुवातीला पोरांना फार मजा वाटली.

पहिल्या बॅचमधल्या त्या चौघांपैकी एकच टिकला. या जूनमध्ये त्याला पर्पल दिला, कागदावर नो-गी लिहून. त्याने वाचलं, काही बोलला नाही, आणि पुढच्या रविवारी नवा कोरा गी घेऊन हजर. व्हाइट बेल्टने दोनदा आवळला त्याला, मी बघत होतो, मला बरं वाटलं असं म्हणत नाही पण वाईटही वाटलं नाही. घामेजलेला गी त्याने खाली वर्कशॉपच्या रेलिंगला वाळत घातलाय. आज चौथा दिवस, अजून ओलाच आहे.