प्रत्येक घासाला एक घोट

आमच्याकडे जेवायला बसलं की लेकाच्या ताटाशेजारी स्टीलचा मोठा पेला लागायचाच. घास, घोट, घास, घोट. एका पोळीला दोन पेले संपायचे आणि मी कायम ओरडायचे की अरे जेवताना एवढं पाणी नको पिऊस, पोट पाण्यानेच भरतं. पाऊण तास तर सहज लागायचा त्याला. सासूबाईंना मात्र भारी कौतुक, "बघ, एकेक घास बत्तीस वेळा चावतो गुणाचं बाळ, नाहीतर तुम्ही, नुसतं गिळता." आता आठवलं की कसंतरीच होतं.

कारण तो गुणाचा वगैरे काही नव्हता, त्याला घास खाली जातच नव्हता. आणि त्याने कधी सांगितलंही नाही, सांगणार कसं, त्याला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं.

तर झालं असं की तो नऊ वर्षांचा असताना घोडबंदर रोडला नणंदेकडे वास्तुशांत होती, संध्याकाळी मुलांसाठी चिकन लॉलीपॉप मागवले होते. मुलांची मस्ती चालू होती आणि हा एकदम गप्प होऊन बेसिनपाशी जाऊन उभा राहिला. बोलत होता, श्वास नीट चालू होता, पण थुंकी गिळता येत नव्हती, तोंडातनं लाळ गळत होती आणि छातीच्या मध्यावर बोट ठेवून सांगत होता, "इथे अडकलंय." मग काय, प्रत्येकाचा एक सल्ला. कुणी पाठीत धपाटे घातले, कुणी केळं आणलं, कुणी म्हणालं कोरड्या भाताचा गोळा दे, माशाचा काटा अडकला की आपण देतो ना तसा. दिला मी. जे खाल्लं ते तसंच वर आलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशा वेळी वरून काहीही ढकलायचं नाही, पाणीसुद्धा नाही, लाळ गिळता येत नसेल तर सरळ इमर्जन्सीला न्यायचं. (ठसका लागून श्वास कोंडला तर ते प्रकरण वेगळं, तिथे एक सेकंदही थांबायचं नसतं.) कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून गाडी काढेपर्यंत त्याच्या मांडीवरचा नॅपकिन पिळण्याइतका ओला झाला होता.

रात्री भूल देऊन दुर्बिणीतून तुकडा काढला. ज्यांनी काढला ते पोरांच्या पोटाचे डॉक्टर, म्हणजे पीडियाट्रिक गॅस्ट्रो. बाहेर येऊन त्यांनी जे प्रश्न विचारले ते आधी कुणीच विचारले नव्हते. जेवायला किती वेळ लागतो? प्रत्येक घासाला पाणी लागतं का? पोळीपेक्षा वरणभात जास्त आवडतो का? ब्रेड, चिकन टाळतो का? पोळी वरणात बुडवून मऊ करून खातो का? गोळी गिळायला घाबरतो का? मी सगळ्याला हो हो म्हणत गेले आणि शेवटी रडूच आलं. मग विचारलं, लहानपणी एक्झिमा होता का, सकाळी उठल्यावर शिंका येतात का. दोन्ही होतं. आम्ही एक्झिमा त्वचेच्या डॉक्टरकडे नेला, शिंका नाकाच्या डॉक्टरकडे आणि पोटदुखी नेहमीच्या डॉक्टरकडे, तिथे दोन वर्षं ॲसिडिटीचं गुलाबी सिरप आणि "बाहेरचं खाणं बंद करा, नखरे आहेत" एवढंच मिळालं. तिघांनाही पूर्ण गोष्ट कधी कळलीच नाही, आणि खरं सांगायचं तर ती आम्हीही कधी एकत्र सांगितली नव्हती.

आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, सगळे ईओई म्हणतात. इओसिनोफिल म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या अन्ननलिकेच्या अस्तरात जाऊन बसतात आणि तिथे सूज धरते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर नळी कडक आणि अरुंद व्हायला लागते. मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त दिसतं. वेगळा आजार म्हणून डॉक्टरांनी हे ओळखलंच मुळी 1990 नंतर, त्यामुळे आपल्या आजीच्या बटव्यात याला काही असणं शक्यच नाही. वयाप्रमाणे रूपही बदलतं, अगदी लहान बाळं दूध नाकारतात, उलट्या करतात, वजन धरत नाहीत, शाळेतल्या मुलांचं पोट दुखतं, मळमळतं, आणि मोठ्यांना घास अडकतो.

खात्री फक्त बायोप्सीने होते. हा शब्द ऐकून सासूबाई देवघरातच जाऊन बसल्या, त्यांना समजवावं लागलं की प्रत्येक बायोप्सी कॅन्सरची नसते. नळी वरून कधीकधी अगदी नॉर्मल दिसते म्हणून अस्तराचे वेगवेगळ्या उंचीवरचे कमीत कमी सहा बारीक तुकडे घेतात आणि मायक्रोस्कोपखाली मोजतात. एका फील्डमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, 15 किंवा जास्त इओसिनोफिल असले की संशय पक्का, अर्थात सूजेची बाकीची कारणं तपासून. आमचे आले 48.

आता मी केलेला मूर्खपणा. रिपोर्ट आल्यावर मी परस्परच ॲलर्जीचं भलंमोठं रक्त पॅनल करून घेतलं, चांगले पैसे गेले, त्यात धूळ आणि कोळंबी निघाली. दोन महिने घरात कोळंबी बंद. डॉक्टर हसले नाहीत पण चेहरा तसाच होता. म्हणाले, लगेच अंगावर पित्त उठतं ती ॲलर्जी वेगळी, ही हळू चालणारी आहे, रक्ताच्या किंवा त्वचेच्या टेस्टवरून यातला गुन्हेगार सापडत नाही, पदार्थ बंद करून परत स्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करणं हाच मार्ग. नेहमीचे संशयित सहा, दूध, गहू, अंडं, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे.

आधी ॲसिड कमी करणारी गोळी दोन-अडीच महिने दिली, काही मुलांना तेवढ्यानेच बरं वाटतं. आमच्याला नाही. मग एकट्या दुधापासून सुरुवात केली, कारण सगळ्यात जास्त वेळा तेच निघतं. दूध बंद म्हणजे दही, ताक, पनीर, खवा सगळं, आणि तूपही. तुपावरून घरात महाभारत झालं. "तूप म्हणजे दूध नव्हे, आणि बिनतुपाचा वरणभात कुणी खातं का?" दुकानात मी पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचत बसायचे, बिस्किटात मिल्क सॉलिड्स, ब्रेडमध्ये दूध पावडर, चिप्सच्या मसाल्यात व्हे पावडर. एक बरंय, आपल्याकडे पाकिटावर ॲलर्जीचे पदार्थ छापावे लागतात, "कंटेन्स मिल्क" आधी शोधायचं. उकडीचे मोदक, घावन आणि नारळाचं दूध यांनी आम्हाला तारलं.

तीन महिन्यांत तो मस्त जेवायला लागला, आम्ही खूश. स्कोपी केली तर आकडा 22! इथे मला कळलं की जेवण सुधारलं म्हणजे सूज गेली असं नसतं, म्हणून लक्षणांवर विसंबून औषध बंद करता येत नाही. आता गहूही बंद करा किंवा स्टेरॉइड सुरू करा, असे दोन पर्याय होते. शाळेच्या डब्यातनं पोळी काढायची माझ्यात ताकद नव्हती.

हे स्टेरॉइड गिळायचं असतं. नेब्युलायझरमध्ये घालतात ते बुडेसोनाईडचं रेस्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी प्लॅस्टिकची कुपी, वाटीत मधात घट्ट कालवून हळूहळू चाटायचं, म्हणजे ते नळीला लेप लावत खाली जातं. मग अर्धा तास पाण्याचा थेंब नाही, नंतर चूळ भरून दात घासायचे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. स्टेरॉइड ऐकून बिल्डिंगमधल्या काकू हबकल्या, पण यातलं रक्तात फार थोडं जातं. तरी प्रत्येक व्हिजिटला उंची मोजतात, मीही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करते. (डोस डॉक्टरांचाच, माझं वाचून घरी सुरू करू नका प्लीज.) आणि सासूबाई? मधातलं औषध बघून त्या एकदम खूश, "हे तर चाटण!" तेव्हापासून रात्री साडेनऊला वाटी त्याच घेऊन येतात, आणि अर्धा तास घड्याळाकडे बघत पहारा देतात.

पुढच्या स्कोपीत आकडा आला 3. दूध हळूहळू परत आलं, त्यानंतरचीही स्कोपी ठीक होती. डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शनही आहे, अमेरिकेत जानेवारी 2024 पासून एक वर्षावरच्या, निदान 15 किलो वजनाच्या मुलांनाही मंजूर झालंय, पण आम्हाला सध्या गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. आजार जात नाही, औषध थांबलं की बहुतेकदा परत येतो, हे त्यालाही माहीत आहे.

डब्यासोबत मी अजून दोन बाटल्या देते. हल्ली एक तशीच भरलेली परत येते. पुढची स्कोपी ऑक्टोबरात घ्या म्हणालेत, पण त्याने आत्ताच बजावून ठेवलंय की दिवाळीच्या सुट्टीत अजिबात नाही, आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं आणि घरात चकल्या तळत असायच्या, असला अन्याय तो सहन करणार नाही.