क्रेमोना: व्हायोलिन पाहायला गेले, कागदांपाशी अडकले

मिलानबद्दल सांगायचं तर गर्दी. बस्स. तिथून आगगाडीने सव्वा तासात क्रेमोना, व्हायोलिनसाठी नावाजलेलं इटलीतलं गाव. पोचले नेमकी भर दुपारी, तर अर्धा बाजार बंद. एक ते चारवरून पुण्याला उगाच नावं ठेवतात.

व्हायोलिन संग्रहालयात इथल्याच थोर व्हायोलिनकार स्त्रादिवारीचं 1715 सालचं ‘क्रेमोनेझे’ नावाचं व्हायोलिन काचेआड, दिव्यांच्या झोतात. समोर फोन उंचावलेले हात. मला फारसं काही वाटलं नाही. न वाजणारं वाद्य कितीही थोर असलं तरी माझ्या लेखी फर्निचरच.

पाय थबकले ते स्त्रादिवारीच्या कामाच्या सामानापाशी. लाकडी साचे (एकावर 1689 साल), फर्मे, रेखाटनं. जुझेप्पे फिओरिनी या व्हायोलिनकाराने 1920 मध्ये हे सगळं विकत घेतलं आणि 1930 मध्ये गावाला देऊन टाकलं. पिवळ्या पडलेल्या कागदांवर कर्कटकाची टोचणी अजून दिसते. एफच्या आकाराची छिद्रं कुठे यायची, ते वर्तुळं आखून ठरवलेलं. अंगाचा आकार मात्र साच्यातून येतो: मेपलच्या पातळ पट्ट्या तापवून साच्याभोवती वाकवायच्या, मग त्या चौकटीच्या जरा बाहेरून रेघ मारून पाठ-पोट कापायचं. मिरजेच्या सतारीत निम्मा आकार भोपळाच ठरवतो. इथे सगळा माणसाने.

नंतर एका गल्लीत कार्यशाळा उघडी दिसली. एक वयस्क कारागीर जुन्या व्हायोलिनचं मापाबरहुकूम चित्र काढत होते. अर्धं काढून कागद दुमडला की झालं, असं नसतं. हातकामात डावं-उजवं तंतोतंत जुळत नाही, त्यात शतकानुशतकं तारांचा ताण, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या. शिवाय स्त्रादिवारीच्या काळातल्या बहुतेक व्हायोलिनांची मूळ दांडी नंतर बदललेली, आतला बास बारही (पोटाला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी). मग चित्र नक्की कशाचं?

“झिजलेला कोपरा झिजलेलाच काढता?” मी विचारलं.

“झिजलेला शाईने,” ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “मूळचा पेन्सिलने. पेन्सिल म्हणजे माझा अंदाज.”

आपल्याकडे गडाची तटबंदी नव्याने बांधताना जुना चिरा कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, हे इतक्या सरळ कोणी सांगेल तर शपथ!

तोराझ्झो मनोऱ्याच्या 502 पायऱ्या या नादात राहिल्या. गुडघ्यांची काही तक्रार नाही.