आई-बाबा येताहेत, सिम कुठलं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. थंडी ओसरायला लागली की न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या घरांमधून हा प्रश्न हमखास येतो : ‘आई-बाबा पाच-सहा महिन्यांसाठी येताहेत, त्यांना प्रीपेड सिम कुठल्या कंपनीचं घेऊ?’ बहुतेकांना एका ओळीत उत्तर हवं असतं, कंपनीचं नाव आणि महिन्याचे डॉलर. कुठलं सिम घ्यावं ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. त्यांच्या हातात फोन कुठला आहे आणि त्यांचा भारतातला नंबर इतके महिने चालू कसा राहणार आहे. प्लॅनमध्ये महिन्याला चार डॉलर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. या दोन गोष्टी चुकल्या तर मात्र सगळा मुक्काम अडचणीत जातो.

आधी फोन. इथल्या तीन मोठ्या मोबाइल कंपन्यांपैकी एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, टी-मोबाइलने त्याच वर्षात आणि व्हेरायझनने त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर. आता इथे साधा बोलण्याचा कॉलसुद्धा जवळजवळ नेहमी फोरजी-फाइव्हजीवरूनच जातो. त्यासाठी फोनमध्ये व्होएलटीई ही फोरजीवरून बोलण्याची सोय नुसती असून भागत नाही, इथल्या कंपनीने त्या मॉडेलला आपल्या जाळ्यावर मान्यता दिलेली असावी लागते. पुण्यात जिओवर उत्तम चालणारा फोन इथे आल्यावर नेट दाखवतो, व्हॉट्सअॅप चालतं आणि कॉल मात्र लागत नाही, असं होतं ते यामुळेच. एटी अँड टीची तर मान्य फोनची यादीच आहे. यादीबाहेरच्या फोनला ते सेवा नाकारतात. भारतात खूप खपणाऱ्या चिनी कंपन्यांचे अनेक फोन तिथेच अडतात.

दुसरी भानगड बँडची, म्हणजे फोन कुठल्या लहरी पकडू शकतो त्याची. टी-मोबाइलची दूरवर आणि घराच्या आतल्या खोल्यांपर्यंत पोहोचणारी लहर ६०० मेगाहर्ट्झची, म्हणजे बँड ७१. भारतात ती कुणी वापरत नाही, त्यामुळे तिथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये तो बँडच नसतो. मग तुमच्या फोनला चार दांड्या आणि शेजारी बसलेल्या बाबांच्या फोनला एक, असा प्रकार होतो.

हे सगळं त्यांनी विमानात बसण्याआधी घरबसल्या तपासता येतं. व्हिडिओ कॉलवर असताना त्यांना त्यांच्या फोनवर *#०६# दाबायला सांगा. त्या फोनची ओळख असलेला पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतात. त्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. ज्या कंपनीचं सिम घ्यायचं मनात आहे तिच्या साइटवर ‘स्वतःचा फोन आणा’ असा भाग असतो, तिथे तो नंबर टाकला की फोन चालेल की नाही ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे. आणखी एक विचारा : दुसऱ्या सिमची जागा खरोखर मोकळी आहे का? आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड, दोनांपैकी एकच बसतं, आणि बाबांचे सगळे फोटो त्या मेमरी कार्डावर असतात.

फोन नापास झाला तर घरातला तुमचा जुना फोन द्या. तो कुठल्या कंपनीला लॉक नाही ना, हे बघून घ्या. इथे हप्त्यावर घेतलेला फोन पैसे फिटेपर्यंत बहुधा त्याच कंपनीला बांधलेला असतो. आणि जुना फोन म्हणजे अमेरिकेत घेतलेला आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल, तर त्याला सिमची खाचच नाही, तो फक्त ईसिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरल्या जाणाऱ्या सिमवर चालतो. त्यात आईचं भारतातलं सिम घालता येणार नाही. अशा वेळी मी दोन फोन ठेवायला सांगते. त्यांचा स्वतःचा फोन भारतातल्या सिमसकट घरी वाय-फायवर आणि बाहेर जाताना खिशात इथला. पण त्यांचा फोन पास होत असेल तर तोच वापरू द्या. त्यातला मराठी कीबोर्ड, मोठी केलेली अक्षरं, ओळखीच्या जागी असलेली चित्रं या गोष्टी सत्तरीतल्या माणसाला फार आधार देतात. नवा चकचकीत फोन हातात ठेवून आपण त्यांची सोय करतो असं वाटतं, प्रत्यक्षात त्यांना पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं.

आता भारतातला नंबर. इकडे आल्यावर तो लागतो कशाला, असं तरुण मंडळींना वाटतं. बँकेचा ओटीपी, मुदत ठेवीचं नूतनीकरण, महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, आधारशी जोडलेलं कुठलंही काम, सगळं त्याच नंबरवर येऊन थांबतं. यूपीआयही त्याच सिमला बांधलेलं असतं. म्हणून ते सिम काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवू नका, फोनमध्येच राहू द्या. निघण्याआधी भारतातूनच त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, इथे पोहोचल्यावर ते करणं त्रासाचं होतं. रोमिंगमध्ये एसएमएस येण्याला सहसा पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीचा नियम निघण्याआधी विचारून घ्यावा. पैसे पडतात ते कॉल उचलण्याला. तेव्हा भारतातल्या सिमवर रिंग वाजली तर उचलायची नाही, व्हॉट्सअॅपवरून उलट फोन करायचा, हे त्यांना पक्कं सांगा. त्या सिमचं डेटा रोमिंग सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तिथेच दोन्ही सिमना नावं देता येतात. आमच्याकडे ‘भारत’ आणि ‘अमेरिका’ अशी देवनागरीत दिलेली आहेत, त्यामुळे कॉल करताना कुठलं निवडायचं हा गोंधळ राहत नाही.

पॅकची मुदत संपली की एसएमएस बंद होऊ शकतात आणि ओटीपी नेमका तेव्हाच हवा असतो. ट्राय या भारतातल्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो, खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर तो आणखी काही दिवस टिकतो. या वीस रुपयांच्या भरवशावर राहू नका, कारण त्यात नंबर तुमचा राहतो, ओटीपी येईलच असं नाही. चांगली गोष्ट अशी झाली की डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटाशिवाय, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येईल असं ठरवलं. परदेशी मुक्कामाला असा वर्षाचा पॅक अगदी बरोबर बसतो. इथे वापरता न येणाऱ्या रोजच्या दोन जीबीचे पैसे कशाला भरायचे?

हे झालं की मग इथलं सिम. जाळी खरी तीनच : व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. बाकी जी नावं तुम्ही ऐकता ती यांच्याच टॉवरवरून चालतात. मिंट, मेट्रो आणि टेलो टी-मोबाइलवर, क्रिकेट एटी अँड टीवर, व्हिजिबल व्हेरायझनवर. छोट्या नावाचं सिम स्वस्त पडतं. बदल्यात गर्दीच्या वेळी मोठ्या कंपनीच्या ग्राहकाला आधी वेग मिळतो आणि यांना मागून. आई-बाबांच्या वापराला त्याने काही फरक पडत नाही. दिवसातला बहुतेक वेळ ते घरच्या वाय-फायवर असतात. मालिका, भजनं, बहिणीशी तासभर व्हिडिओवर गप्पा, सगळं त्यावरच होतं. म्हणून अनलिमिटेड डेटा घेऊ नका. अनलिमिटेड बोलणं आणि महिन्याला चार-पाच जीबी पुरे होतात.

माझं उत्तर विचाराल तर टी-मोबाइलच्या जाळ्यावरचं, महिन्या-महिन्याने भरायचं छोट्या कंपनीचं सिम. बाहेरून आणलेला फोन त्या जाळ्यावर चालण्याची शक्यता तिघांत जास्त असते, एवढंच त्यामागचं कारण. पण तुमच्या घरात आणि घराभोवती मैलभरात त्याची रेंज नसेल तर माझं उत्तर सोडून द्या आणि जे जाळं तुमच्या गल्लीत चालतं ते घ्या. तीन-सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायच्या योजनांमध्ये पहिल्या तिमाहीचा दर नव्या ग्राहकासाठी असतो. पुढे तोच दर हवा तर बहुधा वर्षाचे पैसे भरावे लागतात, हे आधी वाचून घ्या. जाहिरातीतल्या आकड्यावर कर वेगळा लागू शकतो, तोही धरा. इथे प्रीपेड सिमला आधार-बिधार, ओळखपत्र असं काही लागत नाही, तेव्हा ते यायच्या आठवडाभर आधी तुम्ही सिम आणून ठेवू शकता. चालू मात्र ते पोहोचल्यावर करा, नाहीतर महिना आधीच सुरू होतो.

भारतातल्या कंपनीचा रोमिंग पॅक दहा-पंधरा दिवसांच्या सहलीला ठीक, सहा महिन्यांना परवडत नाही. प्रवाशांसाठीची ईसिम मिळतात, त्यांत बहुतेकदा नुसतं नेट असतं, नंबर नसतो. आणि इथे नंबर लागतो. फार्मसीत औषध तयार झाल्याचा निरोप, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, लायब्ररीचं कार्ड, सगळीकडे दहा आकडी नंबर विचारतात.

या सगळ्याहून मोठं कारण वेगळंच आहे आणि त्यासाठीच मी हे इतकं लिहिते आहे. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा संध्याकाळी चालायला जात. आमच्या वस्तीत घरं सगळी एका साच्यातली, तीच करडी भिंत, तेच पांढरं गॅरेज, वळणंही सारखीच. एका संध्याकाळी ते दुसऱ्याच गल्लीत शिरले. सांगलीत असते तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारून घरी आले असते. इथे विचारायला रस्त्यावर माणूसच नव्हतं. त्यांनी फोन काढला, व्हॉट्सअॅपवर मला लोकेशन पाठवलं आणि पाठोपाठ फोन केला. ते आमच्या घराच्या बरोब्बर मागच्या गल्लीत उभे होते. लोकेशन पाठवायला नेट लागलं, फोन करायला इथलं सिम. तुम्ही ऑफिसात असता, मुलं शाळेत असतात आणि ते दोघं एका अनोळखी गावात एकटे असतात. प्लॅन निवडायचा तो त्या वेळेसाठी. चालायला जाताना फोन खिशात असणं, तो चार्ज असणं आणि एक बटण दाबल्यावर तुम्ही लागणं, यासाठी मी दोन डॉलर जास्त आनंदाने देते.

म्हणूनच सिम घातल्यावर त्यांच्याबरोबर अर्धा तास बसा. संपर्क यादी उघडा. भारतातले नंबर बहुतेकांनी नुसते दहा आकडी साठवलेले असतात, आधी +९१ नसतं. व्हॉट्सअॅपला ते चालतं, कारण खातं भारतातल्या नंबरचं आहे. पण इथल्या सिमवरून तसाच नंबर लावला तर तो इथलाच समजला जातो. इथले नंबरही दहा आकडीच. न्यू जर्सीचा एक एरिया कोड, म्हणजे नंबरातले पहिले तीन आकडे, ९०८ आहे आणि मुंबईत ९०८२ ने सुरू होणारे नंबर पुष्कळांचे असतात. मावशीला लावलेला फोन न्यू जर्सीतल्याच कुणा परक्या घरी वाजू शकतो. तेव्हा जवळच्या पंधरा-वीस जणांच्या नंबरांच्या आधी +९१ लावून द्या, आणि तुमचा व शेजारच्या एखाद्या मराठी घराचा नंबर +१ लावून सगळ्यात वर ठेवा.

वाय-फाय कॉलिंग सुरू करताना फोन एक पत्ता विचारतो. तो घाईत वगळू नका, घराचा पूर्ण पत्ता भरा. वाय-फायवरून ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला तर मदत कुठे पाठवायची हे ठरवताना तो पत्ता उपयोगी पडतो. भारतातलं ११२ इथे ९११ आहे, हे त्यांच्याकडून म्हणून घ्या. फोन चुकून लागला तर घाबरून बंद करायचा नाही, चुकून लागला एवढं सांगायचं, नाहीतर ते उलट फोन करतात आणि पोलीस दारात येऊ शकतात. घराचा पत्ता इंग्रजीत एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवलेला बरा.

नव्या सिमवर पहिल्या दिवसापासून अनोळखी फोन येतील. इथे बंद झालेला नंबर किमान ४५ दिवस रिकामा ठेवून पुन्हा दुसऱ्याला देता येतो, त्यामुळे आधीच्या मालकाचे वसुलीवालेही तुमच्या आईला फोन करतात. त्यात टॅक्स खात्याच्या नावाने धमकावणारे भामटे असतात. यादीत नाव नसलेला फोन उचलायचा नाही, एवढा एकच नियम घाला. महत्त्वाचं असेल तर माणूस निरोप ठेवतो.

नंबर असा पुढे दुसऱ्याला जातो, म्हणून इथला नंबर त्यांच्या बँकेला, ईमेलला किंवा व्हॉट्सअॅपला जोडू नका, सगळं भारतातल्या नंबरवरच राहू द्या. ते परत जाण्याच्या आठवड्यात प्लॅनचं ऑटो-पे बंद करा. फार्मसीत आणि डॉक्टरांकडे त्यांच्या नावापुढे तुमचा नंबर लिहायला सांगा. पुढच्या वर्षी यायचं नक्की असेल तरी मधले महिने पैसे भरून तो नंबर धरून ठेवण्यात अर्थ नाही. पुन्हा नवं सिम घ्या, आणि घेण्याआधी पुन्हा *#०६# दाबून बघा, कारण तोवर त्यांनी फोन बदललेला असतो.